दोन्ही बाजूंनी चार

अंबरनाथच्या बुवापाड्यात, नाक्यावरच्या चहाच्या टपरीमागे एक पत्र्याची खोली होती आणि तिच्या दारावर ‘दर्याराज गळ मंडळ’ अशी पाटी होती. दर्या तिथून कुठल्या कुठे. जवळचं वाहतं पाणी म्हणाल तर वालधुनी, आणि ती कधी निळी वाहायची, कधी तांबडी, कारखान्यांत त्या दिवशी काय शिजतंय त्यावर. तिच्यात गळ टाकला असता तर गळच विरघळला असता. तरी मंडळाचं नाव दर्याराज, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे असं मंडळातल्या कुणालाच वाटत नसे. औद्योगिक वसाहतीची सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी ही माणसं पहाटे भाड्याच्या टेंपोत बसून पनवेलवरून उरणकडच्या एका जुन्या धक्क्यावर जायची, दिवसभर खाऱ्या पाण्यात गळ टाकून बसायची आणि संध्याकाळी उन्हाने करपून परत यायची.

खोलीतल्या भिंतीवर रावसांची वाळलेली मुंडकी खिळ्यांना लावलेली होती. दर हिवाळ्यात मंडळाची स्पर्धा व्हायची. सगळ्यात मोठा रावस ज्याचा, त्याने त्याचं मुंडकं मिशांसकट कापायचं, मीठ चोळून पत्र्यावर वाळवायचं आणि भिंतीला लावायचं, अशी रीत. खाली कागदाच्या पट्टीवर विजेत्याचं नाव. खोलीत शिरणाऱ्याला आधी वास यायचा आणि मग मुंडकी दिसायची. रांगेत एक खिळा मात्र रिकामा होता. त्याच्याखाली पट्टी होती, ‘बनूबाई सकपाळ’. नवा माणूस हमखास म्हणायचा, ‘हे मांजराने नेलं वाटतं.’

मांजराची काय बिशाद! ते मुंडकं बनूबाईने मंडळाला दिलंच नव्हतं, आणि तिने दिलं नाही म्हटल्यावर ते तिच्याकडून काढून घेईल असा माणूस बुवापाड्यात जन्मला नव्हता.

बनूबाई दाभोळच्या खाडीकाठची. तिच्या माहेरच्या वाडीकडे होडी नव्हती आणि जाळंही नव्हतं. ते वरच्यांचं काम. वाडीतली माणसं खाडीत शिरलेल्या कातळावर बसून गरी टाकायची. तिकडे गळाला गरी म्हणतात. बापाशेजारी बसून बनू दोरीची ओढ ओळखायला शिकली, कोळंबी जिवंत ठेवून गरीला लावायला शिकली आणि मासे ओळखायला शिकली. त्यातही रावस आणि दाढा. हे दोन मासे म्हणजे सख्खे भाऊ. दोघांचं नाक पुढे आलेलं, तोंड खाली दबलेलं, अंग चांदीसारखं. दोघांच्याही पुढच्या परांखाली दोऱ्यासारख्या लांब मिशा. रावसाला एका बाजूला चार, दाढ्याला पाच. बाकी फरकही आहेत. दाढ्याचे पर काळपट असतात, शेपटीची टोकं बारीक होत लांब गेलेली असतात. पण मासा पाण्याबाहेर तडफडत असताना एवढं बघायला डोकं थंड लागतं. म्हणून बापाने एकच नियम घालून दिला होता. मिशा मोजायच्या, आणि मासा उलटून दुसऱ्या बाजूच्याही मोजायच्या. एखादी तुटलेली असते.

गावात रीत अशी होती की हिवाळ्यातला पहिला रावस वर खोतांच्या घरी पोचवायचा. दाढा लागला तर तो खुशाल घरी खावा, दाढ्याला वर कुणी विचारत नसे. खोती कायद्याने गेली होती, पण ते खोतांच्या घरी कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. मग वाडीने धम्मदीक्षा घेतली. त्या हिवाळ्यात बनूच्या बापाला पहिला रावस लागला आणि तो वरची वाट न धरता सरळ घराकडे चालू लागला. खोतांचा कारभारी खाली आला, दहा हात लांब उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘असू दे, असू दे. तुमच्या गरीला कसला रावस लागतोय? दाढा असेल.’

मासा तर गेलाच होता, निदान खोतांची इज्जत राहावी म्हणून केलेली ही युक्ती. बापाने ती चालू दिली नाही. तो मासा घेऊन विहिरीच्या वाटेवर गेला, गावातली माणसं ये-जा करतात तिथे एका दगडावर त्याने तो ठेवला आणि म्हणाला, ‘मोजा. कुणीपण या आणि हात लावून मोजा.’

कुणी आलं नाही. मोजायचं तर जवळ यावं लागलं असतं, हात लावावा लागला असता, आणि मोजून झाल्यावर खरं बोलावं लागलं असतं. बाप किती तरी वेळ तसाच उभा होता. शेवटी बनूच पुढे झाली. तिने एका बाजूच्या चार मोजल्या, मासा उलटला, दुसऱ्या बाजूच्या चार मोजल्या, मोठ्याने. त्या दिवशी डोक्याचं कालवण झालं तेव्हा बापाने अख्खं डोकं तिच्या ताटात वाढलं. ‘ज्यानं मोजलं त्याचं,’ तो म्हणाला. डोकं चवदार होतं, पण ती माणसं गप्प उभी राहिली होती ते काही तिच्या घशाखाली उतरलं नाही. पुढेही कधी उतरलं नाही.

लग्न होऊन ती बुवापाड्यात आली. नवरा नाथा रंगाच्या कारखान्यात. मुलं झाली, मोठी झाली, बनूबाई स्वतः एका गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरायला जाऊ लागली. गरीचा तिला विसर पडला होता. नाथा मात्र मंडळाचा सभासद होता, कारण शुक्रवारी घरात थांबलं तर बायको काम सांगायची. एका शुक्रवारी तो मोठ्या ऐटीत एक मासा घेऊन आला. बनूबाईने माशाचं तोंड उघडून बघितलं.

‘हा गळाला लागला?’

‘मग काय चालत आला?’

‘तोंडाला जखम कुठाय? आणि डोळा बघा कसा आत गेलाय. बर्फातला हाय हा. पनवेलच्या बाजारात लागला तुमच्या गळाला.’

नाथाने भिंतीकडे बघितलं. तिथे त्याला मदत करण्यासारखं काही नव्हतं.

‘पुढच्या शुक्रवारी मी येत्ये,’ बनूबाई म्हणाली.

मंडळाचा सेक्रेटरी जयदेव. कारखान्यात टर्नर, घाटावरचा माणूस, आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. भिंतीवरची चार मुंडकी त्याच्या नावावर. माणूस वाईट नव्हता, पण आपण बोललो म्हणजे ते खरंच असणार, असं त्याला मनापासून वाटायचं. पहिल्या दिवशी तो टेंपोच्या फाळक्यावर हात ठेवून म्हणाला, ‘वैनी, जागा नाय ओ. फुल आहे.’ बनूबाईने पिशवी आत फेकली, फाळक्यावर पाय दिला आणि पिशवीवर जाऊन बसली. ‘आता झाली,’ ती म्हणाली. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

दुपारी धक्क्यावर डबे उघडले जायचे आणि भाजी इकडून तिकडे फिरायची. बनूबाईचा डबा जयदेवपर्यंत आला की तो पोटावरून हात फिरवायचा. ‘आज भूकच नाय, वैनी.’ पुढच्या माणसाचा डबा आला की त्याला भूक लागायची. ही भूक कशी येते आणि कशी जाते ते बनूबाईला पक्कं ठाऊक होतं. ती काही बोलायची नाही. जे ती बोलायची नाही ते तिने पक्कं धरून ठेवलंय असं समजावं.

शहाऐंशीच्या हिवाळ्यातली स्पर्धा. इतरांकडे रॉड होते, बनूबाईकडे बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या टेकचंद शेठच्या दुकानात तिने तो दाताने चावून पारखून घेतला होता. दुपारी भरती लागली. जयदेवने एक चांगला रावस काढून सगळ्यांना फिरवून दाखवला होता आणि आता तो बक्षीस मिळाल्यासारखा पाय पसरून बसला होता. तेवढ्यात बनूबाईच्या हातात दोरी ताठ झाली.

ओढ अशी की तळहाताला गुंडाळलेलं फडकं चिरलं. तिने दोरी सोडली, घेतली, परत सोडली. नाथा ‘बने, बने’ करत नुसताच नाचत होता. मासा थकून धक्क्याला लागला तेव्हा शेवाळलेल्या पायऱ्यांवरून ती खाली उतरली, कल्ल्यात बोटं घातली आणि दगडांवरून फरफटत त्याला वर आणलं. जयदेवच्या माशापेक्षा तो मोठा होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

जयदेव उठलासुद्धा नाही. बसल्या जागेवरून हसून म्हणाला, ‘काय वैनी! तुमच्या गळाला कसला रावस लागतोय? दाढा असेल तो.’

बनूबाई जागच्या जागी उभी राहिली. खाडी वेगळी, माणूस वेगळा, मधे आयुष्य गेलेलं, आणि वाक्य तेच. तिच्या अंगाची नुसती आग झाली.

‘इकडं या,’ ती ओरडली. ‘या आणि मोजा!’

‘मोजायचं काय त्यात? लांबून कळतंय.’

मग तिने स्वतःच मोजल्या. एक, दोन, तीन, चार. बुधाजीबाबाला हाताला धरून आणलं. हा मंडळाचा जुना जाणता, कल्याणच्या खाडीकाठचा आगरी म्हातारा, स्पर्धेचा निवाडा करणारा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तो वाकला, बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, ‘चार हायेत गो. रावस हाय.’ बस. बनूबाईने मग जयदेवला जे काही ऐकवलं ते धक्क्यावरचे लोक पुढे कित्येक दिवस एकमेकांना सांगत होते. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. जयदेव आपल्या रॉडचा दोरा सोडवत बसला. तो जवळ आलाच नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर बनूबाईने विळी मांडली. शेजारच्या बाया दारात जमल्या होत्या, नाथा गल्लीत पेढे वाटत फिरत होता. मुंडकं कापायला तिने मासा उलटला आणि तिचा हात थांबला.

ह्या बाजूला पाच होत्या.

तिने पुन्हा मोजल्या. पाच. पहिली बाजू वर केली, खवल्यांत नख घालून बघितलं. चौथीच्या पुढे लालसर खुंट होता, बोटाला जेमतेम लागेल एवढा. दगडांवरून फरफटताना तुटली असणार. आता शेपटीची लांब टोकंही दिसली, काळपट परही दिसले. धक्क्यावरही ते तिच्या डोळ्यांसमोरच होते, पण तेव्हा ती माशाकडे बघतच नव्हती, जयदेवकडे बघत होती. बापाने घालून दिलेला एकुलता एक नियम, आणि ऐन वेळी तोच तिने मोडला होता. मासा उलटलाच नव्हता.

बाया गेल्यावर तिने नाथाला दाखवलं. नाथाने दार लोटून घेतलं.

‘मग काप ना एक मिशी,’ तो हळूच म्हणाला. ‘विळी हातातच आहे. कोण बघतंय? तिकडं सगळे चार बोलले ना, चार तर चार.’

‘आणि भिंतीवर लावू?’

‘लाव की! त्याचं तोंड बंद झालं ना? तुला तेच पायजे होतं ना?’

बनूबाई विळीसमोर बसून राहिली. खरं सांगायचं तर मनात आलं. एक मिशी, भाजीचा देठ खुडावा तशी. नाहीतर उद्या जयदेव सगळ्या वसाहतीला सांगत फिरेल, की बघा, मी म्हटलं नव्हतं? आणि त्याचं ते वाक्य खरं ठरेल. तिच्या गळाला रावस लागत नाही. खोतांचा कारभारी मरून गेला असेल, पण तोही कुठेतरी हसेल. तिला रडू आलं, आणि रडू आलं ह्याचाच राग आला.

मग विहिरीच्या वाटेवर उभा असलेला बाप तिला आठवला. ‘कुणीपण या आणि मोजा,’ असं तो म्हणू शकला होता, कारण त्याच्या माशाच्या दोन्ही बाजू खऱ्या होत्या. मिशी कापली तर भिंतीवरच्या त्या मुंडक्याकडे कुणी बोट केलं तरी आपल्याला धास्ती वाटेल. जन्मभर कुणी मोजू नये म्हणून जीव टांगणीला लावायचा? तिला तर उलट हवं होतं. कुणीतरी पुढे यावं, हात लावावा, मोजावं, एवढंच तर तिला लहानपणापासून हवं होतं.

‘नाय कापायची,’ ती म्हणाली. ‘आणि पेढे वाटायचे थांबवा आता.’

पुढच्या शुक्रवारी मंडळाच्या खोलीत बक्षीस द्यायचं होतं. भिंतीला नवा खिळा ठोकलेला, खाली बनूबाईच्या नावाची पट्टी चिकटवलेली. टेकचंद शेठ बक्षीस म्हणून रीळ घेऊन आला होता. त्याच्यावर ‘मेड इन यूएसए’ असं ठसठशीत छापलेलं होतं, आणि ते यूएसए म्हणजे उल्हासनगरच, कॅम्पातली मागची गल्ली, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ‘आओ बनूबाई, आओ साईं,’ शेठ म्हणाला, ‘फर्स्ट क्लास माल है.’

बनूबाईने रीळ घेतलं नाही. फडक्यातून मीठ चोळून वाळवलेलं मुंडकं काढून तिने कॅरमच्या बोर्डावर ठेवलं, दोन्ही बाजू दिसतील असं.

‘दाढा हाय,’ ती म्हणाली. ‘ह्या बाजूला पाच, त्या बाजूला एक तुटलेली. मी उलटून बघितला नव्हता.’

बुधाजीबाबाने बोटं फिरवली आणि मान खाली घातली. नाथा दाराकडे सरकला. जयदेवने मांडीवर थाप मारली.

‘मी काय बोललो होतो? धक्क्यावरच बोललो होतो ना मी?’

‘बोललात. बघितलं नव्हतंत,’ बनूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच जास्त भीती वाटली. ‘मी अर्धं बघून चुकले. तुम्ही काहीच न बघता बरोबर निघालात. ह्यात कुणी किती लाज वाटून घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या वाट्याची मी घरी बसून वाटून घेतली.’

जयदेव काही बोलायच्या आत ती स्टुलावर चढली. ‘आता भिंत मोजूया,’ ती म्हणाली.

जयदेवचा चेहरा उतरला. आपल्या चार मुंडक्यांच्या मिशा त्याने स्वतः तरी कधी मोजल्या होत्या का, हे त्याला आत्ता आठवत नसावं. बनूबाई एकेक मुंडकं उचलून, दोन्ही बाजूंनी बोट लावून मोठ्याने मोजत गेली. पहिलं, दुसरं, करत जयदेवच्या चौथ्यापर्यंत आली. मग खाली उतरून तिने हात पदराला पुसले.

‘रावस हायेत,’ ती म्हणाली. ‘जयदेवभाऊ, तुमचे चारही रावसच. दोन्ही बाजूंनी. मी बघून सांगत्ये.’

जयदेवला हायसं वाटायला हवं होतं. तो मात्र कोणीतरी कानाखाली दिल्यासारखा उभा होता.

‘मी तुमचे मोजले,’ बनूबाई पुढे म्हणाली. ‘आता माझ्या गळाला रावस लागेल त्या दिवशी तुम्ही यायचं. लांबून नाय. जवळ यायचं, हात लावायचा, उलटून मोजायचा. आज हे बक्षीस तुमचं हाय, घ्या. पण तो खिळा काढायचा नाय आणि पट्टी फाडायची नाय. खिळा माझा हाय.’

ती फडकं झटकून निघून गेली. रीळ जयदेवला मिळालं. पुढच्याच फेरीत रिळाची मूठ निखळून पाण्यात पडली. तो दुकानात भांडायला गेला तेव्हा टेकचंद शेठ शांतपणे म्हणाला, ‘साईं, गॅरंटी की बात किसने की थी?’

त्यानंतर गल्लीतली पोरं बनूबाईला ‘दाढाबाई’ म्हणू लागली. कारखान्यात बाया तोंडाला पदर लावायच्या. नाथा म्हणाला, ‘बस कर आता, झालं तेवढं हसं पुरे.’ बनूबाईने पुढच्या शुक्रवारी टेंपोत पिशवी फेकली. तिला शिंगाळ्या लागल्या, बोय लागले, एकदा सापासारखा एवढा मोठा वाम लागला की नाथा टेंपोत जाऊन बसला. रावस लागला नाही. तो हिवाळा गेला. पुढचाही गेला. जयदेव आता तिच्यासाठी फाळका स्वतः खाली पाडायचा, पण डबा फिरत आला की त्याला भूक नसायची, ते तसंच होतं. भिंतीवर खिळा रिकामा, खाली नाव. कुणी चेष्टा केली की बनूबाई म्हणायची, ‘माझा खिळा हाय. तुमच्या डोळ्यांत टोचतोय काय?’

एकोणनव्वदच्या जानेवारीत, स्पर्धेच्याच दिवशी, उन्हं कलताना दोरी ताठ झाली. ह्या वेळी ती घाईने ओढायला गेली नाही. मासा दमेपर्यंत तिने दम धरला, मग नाथाला खाली उतरवलं आणि गोणपाटात घालून मासा उचलून वर आणवला, दगडाला न लावता. धक्क्यावरच्या एका सपाट दगडावर तिने तो ठेवला. मिशा मोजल्या नाहीत. दोन पावलं मागे सरकून, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

सगळे माशाकडे न बघता जयदेवकडे बघू लागले.

जयदेवने रॉड खाली ठेवला आणि आला. गुडघे टेकून बसला. पहिल्या बाजूवर बोट ठेवून म्हणाला, ‘एक. दोन. तीन. चार.’ मग दोन्ही हातांनी मासा उचलून उलटला, खवल्यांत नख घालून खुंट तर नाही ना ते बघितलं, शेपटीची टोकं बघितली, आणि परत, ‘एक. दोन. तीन. चार.’ कुणी सांगितलं नसताना त्याने पहिली बाजू पुन्हा मोजली. मग वर बघून बुधाजीबाबाला नाही, बनूबाईला सांगितलं, ‘रावस आहे, वैनी.’

बनूबाईचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. बघू दे ज्याला बघायचं त्याला. विहिरीच्या वाटेवर बाप उभा होता तेव्हा जे कुणी केलं नव्हतं ते आज झालं होतं, उशिरा का होईना, दुसऱ्याच गावात का होईना. तिला बापाला हाक मारून सांगावंसं वाटलं.

जयदेवला आता आपणच मासा पकडल्यासारखा हुरूप आला होता. ‘चला, चला! मुंडकं मला द्या, मीठ मी लावतो. खिळा कधीपासून वाट बघतोय!’

‘मुंडकं नाय मिळायचं,’ बनूबाई म्हणाली.

‘आं? अहो वैनी, मंडळाची रीत आहे ती!’

‘आमच्या घरची पण रीत हाय. पहिला रावस कुणाच्या दारात जात नाय आणि कुणाच्या भिंतीला लागत नाय. घरात शिजतो. डोक्यासकट.’

‘मग खिळा?’

‘तो राहू दे तसाच. कुणी विचारलं तर सांगा, बाईनं दिलं नाय.’

बुधाजीबाबा बोळकं उघडून खदखदून हसला. ‘बरोबर बोलतेय ती,’ तो म्हणाला, आणि निवाडा झाला.

संध्याकाळी बनूबाईच्या घरी कालवण उकळत होतं आणि वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता. तिने मंडळाला जेवायला बोलावलं होतं. बुधाजीबाबा आला, टेंपोवाला आला, आणि नाथाने हाताला धरून आणला म्हणून जयदेवही आला. तो उंबऱ्याशीच उभा राहिला, आणि त्याचा हात सवयीने पोटावरून फिरू लागला.

बनूबाईने भाताचं ताट वाढलं. त्यात रावसाचं अख्खं डोकं ठेवलं, वरून रस्सा ओतला आणि ताट त्याच्यासमोर मांडलं.

‘आमचा बापूस म्हणायचा, ज्यानं मोजलं त्याचं डोकं,’ ती म्हणाली. ‘बसा जयदेवभाऊ. मोजायला हात लावलात ना? आता जेवायला लावा.’

जयदेवने पोटावरचा हात काढला. तो खाली बसला, आणि त्याने हात लावला.